लाटण्याची फ्यूज

तीस-बत्तीस वर्षं मी विजेच्या खात्यात लाइनमन होतो आणि तेवढी वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या. त्यातल्या निम्म्या तरी रविवारी सकाळी नऊ ते साडेनऊ या अर्ध्या तासातल्या आहेत. बाकी आठवडाभर दिवे गेले तर लोक कंदील लावायचे आणि गजाली करत बसायचे. पण त्या अर्ध्या तासात गेले, की मी जणू कोणाचं घर लुटलं असं बोलायचे. कारण त्या वेळी दिल्लीहून एक हिंदी मालिका लागायची, आणि तिच्यात नरेश आणि वीणा होते.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मालवण ते आचरा या पट्ट्यात तेव्हा वाडीला एक टीव्ही असला तरी पुष्कळ. बांबूवर अँटेना, आणि एक माणूस खाली उभा राहून बांबू फिरवणार. आतून सगळे ओरडणार, 'इला, इला! गेला! परत फिरय!' आमचं काम या टीव्हीशी नव्हतं, तारांशी होतं. पण लोकांना तो फरक कधी पटला नाही. पडद्यावर मुंग्या आल्या तरी मला हाक मारायचे.

काम काय असतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. किनाऱ्यावर आमचा मुख्य शत्रू म्हणजे माड. माडाची झावळी सुटते आणि नेमकी तारांवर येऊन पडते. मग आम्ही जायचं, वाडीच्या ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीतून तिन्ही फ्यूज काढायच्या आणि आपल्याच पिशवीत ठेवायच्या, म्हणजे मागून कोणी लावू नये. पेटीवर 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवायची. नंतर तारांवर एक साखळी टाकायची आणि तिचं दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायचं. चुकून कोणी वीज सोडलीच तर ती साखळीतून जमिनीत जाते, पेटीतली फ्यूज क्षणात वितळते आणि खांबावरचा माणूस वाचतो. एवढं सगळं झालं की मगच वर चढायचं. पाटी आमच्याकडे नव्हती. ती कोणीतरी चुलीपुढे वारा अडवायला नेली होती. साखळी मात्र होती, सायकलच्या कॅरियरला गोणपाटात गुंडाळलेली.

माझा जोडीदार इनास. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, ख्रिस्ती, चढण्यात माकडाला लाजवील असा. बोलणं कमी. पण मालिकेचं वेड त्याला माझ्याहून जास्त. त्याची बायको रोझा तर काय विचारू नका. नरेशच्या बापानं वीणाला घरातून हाकलली, त्या आठवड्यात इनास मला खालमानेनं म्हणाला, "रोझान कपेलात मेणबत्ती पेटयल्यान."

"कोणासाठी रे?"

"वीणासाठी. आनि कोणासाठी?"

मी हसलो, पण हसायला मला तोंड नव्हतं. वीणाच्या काळजीत माझ्या घरीही त्या रविवारी रात्री भात करपला होता.

आता लोकांना हे दोघं किती खरे वाटायचे ते सांगतो. तोंडवलीच्या एका गृहस्थानं मला रस्त्यात अडवलं. आदल्या रविवारी नरेशनं समुद्रकाठी वीणाचा हात धरला होता. नुसता हात. गृहस्थ तापला होता. "माझी लायट तोडून टाक," म्हणाला. "घरात दोन लग्नाची चेडवां आसत. असला काय माका घरात नको." मी म्हटलं, बाबा, टीव्ही बंद ठेव, लाइट कशाला तोडतोस? ऐकेना. अर्ज दिला, तोडली. पंधराव्या दिवशी परत दारात. "जोड रे बाबा. चेडवां शेजाऱ्याकडे जाऊन बघतत, आनि बायल माझ्याशी बोलणा नाय."

पण मला जे सांगायचं आहे ते आचऱ्याच्या अलीकडच्या एका वाडीत घडलं. तिथे टीव्ही होता गुरुजींकडे. गुरुजी म्हणजे हायस्कुलात चाळीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मीही त्यांचाच विद्यार्थी. वीज म्हणजे काय हे मला त्यांनीच शिकवलं आणि त्या विषयात नापासही त्यांनीच केलं. मी लाइनमन झालो तेव्हा त्यांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "सदा, आता तरी अभ्यास कर."

रविवारी त्यांच्या पडवीत पन्नास-साठ माणूस बसायचं. पुढे मुलं, मग बायका, मागे भिंतीला टेकून पुरुष. कारभार काकींचा, म्हणजे गुरुजींच्या बायकोचा. टीव्हीवर त्यांनी भरतकाम केलेलं एक कापड घातलेलं असे. तो हात धरण्याचा प्रसंग आला तेव्हा पडवीतली सगळी अवघडली. कोणी खाकरलं, कोणी जमिनीकडे बघू लागलं. काकी तडक उठल्या आणि त्यांनी ते कापड पडद्यावर सोडलं.

"आवाज आयकात," म्हणाल्या. "बघूचा काय आसा त्याच्यात?"

सगळ्यांनी तो प्रसंग निमूटपणे ऐकला. ह्याच काकी चार महिन्यांनी त्या दोघांचं लग्न व्हावं म्हणून ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालायला निघाल्या. गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्या गावानं मिळून घातलेलं साकडं. एकानं मागायचं आणि बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणून त्याला साथ द्यायची. पोरांचं लग्न, बोटीची खेप, आजारपण, सगळ्याला घालतात. बाबल गावकर गाऱ्हाणं घालायचा. त्यानं काकींचं म्हणणं ऐकलं आणि डोकं खाजवलं.

"सगळा खरा. पण गाव खंयचो म्हणान सांगू देवाक? घराणा खंयचा?"

काकींनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी विज्ञानाचे, देवळात सहसा न जाणारे. पण काकींसमोर त्यांचं विज्ञान चालत नसे. "दिल्ली सांग," म्हणाले.

आणि बाबलनं हात जोडून खड्या आवाजात म्हटलं, "बा देवा म्हाराजा! ह्या दिल्लीच्या नरेशाचा आनि वीणाचा लगीन मार्गाक लाव रे म्हाराजा! आड येयत तेका बाजूक कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळी वाडी म्हणाली. मी मीटर बघायला आलो होतो, मीही म्हणालो.

यानंतर आमच्या हातून एक आगळीक झाली. एका रविवारी त्याच वाडीत झावळी पडली. आम्ही फ्यूज काढल्या, काम नऊला पाच मिनिटं असताना संपलं. परत पेटीपाशी जाऊन फ्यूज लावून घरी जाईपर्यंत मालिका अर्धी गेली असती. इनासचं घर जवळ, दुसऱ्या लाइनवर. आम्ही आधी तिथे गेलो, रोझानं केलेला चहा पीत मालिका पाहिली, आणि साडेनऊनंतर येऊन गुरुजींच्या वाडीचे दिवे लावले. हे लपणार थोडंच? रोझाच्या शेजारणीनं सांगितलं. काकी पुढे आठ दिवस माझ्याकडे बघेनात. गुरुजी एवढंच म्हणाले, "वीज काय तुमच्या बापाची नाय हां सदा." मी हसण्यावारी नेलं.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी नरेश-वीणाच्या लग्नाचा रविवार आला.

सकाळी आठलाच निरोप आला की वाडीचे दिवे गेलेत. आम्ही सायकली दामटल्या. देवळामागच्या पेटीतून तिन्ही फ्यूज काढून पिशवीत टाकल्या आणि माडांच्या बागेतल्या वाटेनं गेलो. झावळी पडली होती गुरुजींच्या घरापासून शंभर पावलांवर, पण मध्ये दाट बाग. त्यांना आम्ही दिसत नव्हतो, आम्हाला ते दिसत नव्हते. घड्याळात पावणेनऊ झाले होते. काम दहा मिनिटांचं. मग फ्यूज लावून गुरुजींच्याच पडवीत बसायचं असं ठरलं होतं.

इनासनं शिडी लावली. मी कॅरियरला गुंडाळलेल्या साखळीकडे बघितलं. ती सोडायची, सळई ठोकायची, टाकायची, मग परत सगळं काढायचं. पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. साखळी लावायचं काम माझं होतं, खालच्या माणसाचं.

"फ्यूजी पिशयेत आसत मरे?" इनासनं विचारलं.

"आसत."

"मगे चल."

तो चढला, पट्टा खांबाला बांधला. झावळी चारी तारांत अडकली होती. त्यानं कोयत्यानं पाती कापायला सुरुवात केली. मी खाली उभा राहून पडलेली पाती गोळा करत होतो आणि खरं सांगायचं तर मनात वीणाची साडी कोणत्या रंगाची असेल याचा विचार चालला होता.

तेवढ्यात मालिकेचं गाणं ऐकू आलं.

बागेपलीकडून, गुरुजींच्या पडवीतून, पूर्ण आवाजात. पहिला अर्धा क्षण मला आनंद झाला की, चला, सुरू झाली. मग ध्यानात आलं. फ्यूज माझ्या पिशवीत होत्या. मी हात घालून चाचपल्या. एक, दोन, तीन. तिन्ही. आणि तिकडे टीव्ही लागला होता.

"इनास! हालू नको!"

तो आधीच थांबला होता. गाणं त्यानंही ऐकलं होतं. त्याचा डावा हात सगळ्यात खालच्या तारेवर होता, ती न्यूट्रल, म्हणजे धक्का न देणारी, म्हणून तो जिवंत होता. उजवा हात कोयता कमरेला खोचायला म्हणून नुकताच वरच्या तारेवरून निघाला होता. अर्धी कापलेली ओली झावळी त्याच्या छातीवर रेलली होती आणि तिचं वरचं टोक वरच्या तारांत. वरच्या तीन तारांपैकी वीज कोणत्या तारेत, ते त्याला कळायला मार्ग नव्हता. मलाही नव्हता. पट्टा सोडायला हलला असता तर झावळी सरकली असती.

त्यानं खाली बघितलं नाही. हळू आवाजात म्हणाला, "सदा, धाव."

मी धावलो. आयुष्यात तेवढा कधी धावलो नाही. गुरुजींच्या पडवीसमोरून जाताना बोंब मारली, "बंद करा! बंद करा!" टीव्ही बंद करून तार मरत नाही हेही मला सुचलं नाही. कोणी मान वळवली नाही. एका बाईनं डोळे पडद्यावरच ठेवून मला हातानंच 'गप' म्हणून खूण केली. पडद्यावर मांडव दिसला, वीणा दिसली. साडीचा रंग कळायचा प्रश्नच नव्हता, टीव्ही काळा-पांढरा होता. असल्या वेळी माणसाच्या डोक्यात काय काय येतं.

देवळाच्या वळणावर गुरुजी समोरून आले. विजेचा धक्का बसू नये म्हणून काखेत लाकडी पाट आणि पायात रबरी चपला, चेहऱ्यावर विजय.

"बघलंस सदा? लायट तुमच्याबगर इली!"

मी त्यांना हातानं बाजूला ढकललं. माझ्या गुरुजींना. ते बांधावर आपटले.

पेटी उघडली आणि बघतच राहिलो. मधल्या खाचेत काकींचं पोळ्यांचं लाटणं बसवलेलं होतं. दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या आणि मध्ये एक बारीक तार, शाळेतल्या प्रयोगासारखी नीटनेटकी. वाडीच्या तीन तारांपैकी त्यांच्या घराला वीज देणारी तेवढी एकच जोडलेली. बाकीच्या दोन खाचा रिकाम्या. मी लाटणं ओढून काढलं.

आणि त्याच क्षणी बागेच्या बाजूनं पन्नास-साठ माणसांची एकच किंकाळी आली.

मी खाली बसलो. मला वाटलं, संपलं, इनास गेला आणि तो पडताना सगळ्यांनी पाहिला. रोझाला काय सांगू, एवढं एकच डोक्यात. गुरुजी मागून आले, माझ्या तोंडाकडे बघून पांढरेफटक पडले. "काय झाला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "इनास वर आसा." पाट त्यांच्या काखेतून खाली पडला.

धावत परत आलो तर इनास खांबावर होता, जसा ठेवून गेलो तसाच. किंकाळी अंतरपाटाची होती. नरेश-वीणामध्ये अंतरपाट धरला आणि टीव्ही विझला, एवढंच झालं होतं.

मी वर चढून पट्टा सोडवला, कारण त्याची बोटं वळत नव्हती. एकेक पायरी त्याला उतरवला. जमिनीवर टेकला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "सदा, साखळी..."

पुढचं राहिलं, कारण तोपर्यंत बायका बाग तुडवत आल्या होत्या. पुढे काकी. असा संताप मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

"पाच मिन्टा थांबाक काय झाला तुमका? अंतरपाट धरललो रे! गाऱ्हाणा घातललंव आमी!"

मग त्यांची नजर इनासवर गेली. तो झाडाला टेकून बसला होता, दात वाजत होते, अंगावर घामाच्या धारा. त्यांनी वर खांबाकडे बघितलं, अर्ध्या कापलेल्या झावळीकडे बघितलं, मग वाटेनं येणाऱ्या नवऱ्याकडे. गुरुजींच्या हातात लाटणं होतं, मी टाकलेलं त्यांनी उचलून आणलं होतं. कोणी काही सांगायची गरजच उरली नाही.

"मी लावली," गुरुजी म्हणाले. "मला वाटलं, हे दोघं मागच्यासारखे फ्यूज घेऊन मालिका बघायला गेले."

एवढं बोलून ते त्या लाटण्याकडे बघत राहिले. ती तार त्यांनी बोटानं चाचपली. मला वाटलं, लाज वाटतेय त्यांना.

पुढचं मला लिहायला जड जातं. आमच्या खात्याच्या साहेबांनी गुरुजींना कचेरीत बोलावलं. अर्ध्या तालुक्याला ज्यांनी बाकावर उभं केलं, ते गुरुजी टेबलासमोर दोन तास उभे होते. साहेबांनी मला विचारलं, "साखळी लावली होती?" मी म्हटलं, "होय साहेब." इनासनं खिडकीबाहेर बघितलं. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि सुवाच्य अक्षरात लिहून दिलं की 'चूक पूर्णपणे माझी, कर्मचाऱ्यांचा कोणताही दोष नाही.'

त्याच आठवड्यात वाडीनं देवळात गाऱ्हाणं घातलं, इनासच्या आयुष्यासाठी. तो आणि रोझा बाहेर अंगणात उभे होते. गुरुजी सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "या घरात पुन्हा टीव्ही लागणार नाही." मी गर्दीत होतो. 'होय म्हाराजा' म्हणायची वेळ आली तेव्हा मी मागे सरून चपला शोधू लागलो.

टीव्ही त्यांनी शाळेला देऊन टाकला. लोक दुसरीकडे मालिका बघू लागले. पण गुरुजी-काकींसमोर तिचं नाव काढायचं नाही, हे वाडीनं कोणी न सांगता पाळलं. साहेबांपुढे गप्प का राहिलास असं मी विचारलं तेव्हा इनास एवढंच म्हणाला, "साखळी मियापण मागूक नाय. माका पण बघूचा होता." पुढे तो मुलाकडे गोव्यात गेला आणि तिथेच वारला. आता साखळीचं जाणणारा मी एकटाच उरलो, असा माझा समज.

मी निवृत्त झालो त्याच महिन्यात गुरुजींकडे गेलो. काकी जाऊन बरीच वर्षं झाली होती. गुरुजी नव्वदीच्या घरात, पडवीत खुर्ची टाकून बसलेले. टीव्हीची जागा भिंतीपाशी अजून रिकामीच. मी पायाशी बसलो आणि सांगून टाकलं. साखळी लावली नव्हती. लावली असती तर तुमच्या लाटण्यानं कोणाला काही झालं नसतं. दोष माझा होता आणि मान खाली तुम्हाला घालावी लागली.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "माका म्हायत आसा."

"इनासान सांगितल्यान?"

"इनास कित्याक सांगतलो? तार सांगता." ते हसले. "साखळी आसती तर माझी बारीक तार लावल्याबरोबर वितळली आसती. ती तशीच होती. फ्यूजचो धडो तुका मियाच शिकयलंय मरे? तेव्हापण तुझा लक्ष खंय होता?"

"मगे साहेबांसमोर बोललात कित्याक नाय?"

"तुझी पोरां ल्हान होती. नोकरी गेली आसती तुझी. माझो काय, एक टीव्ही गेलो."

मला रडू आलं. लपवलं नाही. गुरुजींनी थोपटलं, थोडा वेळ गेला, आणि मग त्यांनी इकडेतिकडे बघून, घरात कोणी ऐकत नाही याची खात्री करून, हळूच विचारलं,

"सदा, तेंचा लगीन झाला मां शेवटाक?"

"कोणाचा?"

"नरेशाचा आनि वीणाचा."

ते झालंच नव्हतं. त्या रविवारी नाही, आणि नंतरही नाही. नरेश ऐनवेळी बापाचं ऐकून परदेशी गेला आणि मालिका तशीच संपली. 'झाला' म्हणून टाकणं सोपं होतं. पण या माणसाशी पुन्हा खोटं बोलायचं नाही असं ठरवूनच मी घरातून निघालो होतो.

"नाय गुरुजी. नाय झाला."

इतकी वर्षं माझं खोटं पोटात ठेवून जे हसत बसले होते, ते गुरुजी खुर्चीत ताठ झाले.

"नाय?" ते म्हणाले. "अरे, पण ही शेवटच्या दुखण्यात रोज विचारी, आनि मिया हिका सांगितलंय, झाला म्हणान!"